वधूपक्षाची खोली, वायफायसह

"माणसं किती येतील?" रुद्रम्मा काकूंनी विचारलं.

"एक," मी म्हणाले.

काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं. मुरुममधल्या गुरुकृपा मंगल कार्यालयाच्या त्या मालकीण. नवरा गेल्यापासून कार्यालय त्यांनी एकटीनं चालवलं होतं, आणि एवढ्या वर्षांत असं उत्तर त्यांना कुणी दिलं नसावं.

"एका माणसाचं कसलं लगीन गं? आन् आचारी? तुमचा का आमचा?"

"काकू, लग्न नाही. मला नुसती एक खोली पाहिजे. टेबल, खुर्ची आणि बंद होणारं दार. मी तिथं बसून लॅपटॉपवर काम करणार. सोमवार ते शुक्रवार."

"मग तसं सांग की! राजशेखरसारखं पाहिजे म्हण."

राजशेखर कोण, हे मी विचारणार तेवढ्यात समोरचं दार उघडलं. दारावर लाल अक्षरांत 'वरपक्ष' असं रंगवलेलं होतं, आणि त्यातून एक उंच मुलगा बाहेर आला. अंगात कडक इस्त्रीचा निळा शर्ट, कानांवर मोठे हेडफोन, हातात रिकामा कप… आणि खाली गुडघ्यापर्यंतची फुलाफुलांची चड्डी. मला बघून तो जागच्या जागी थबकला. मग त्यानं तो कप चड्डीपुढं धरला. एवढ्याशा कपानं काय झाकणार होतं कोण जाणे.

मला हसू आवरेना.

"मीटिंग होती," तो म्हणाला. "त्यांना वरचंच दिसतं."

"आम्हाला खालचंही दिसलं."

त्याचे कान लाल झाले. मुलांचे कान असे लाल होताना मी पुण्यात चार वर्षांत पाहिले नव्हते. मी उगाच मंडपाच्या छताकडं बघत राहिले.

आता मी इथं कशी आले ते सांगते. माझं नाव शिवकन्या. पुण्यातली एक कंपनी शाळांना फी भरून घ्यायचं सॉफ्टवेअर विकते, आणि ते कुठं अडलं की शाळेतले क्लार्क मला फोन करतात. म्हणजे दिवसभर बोलणं हीच माझी नोकरी. मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नाला घरी आले, घरून काम करायची परवानगी काढली, आणि मग परत जावंसंच वाटेना. पुण्यात माझं निम्मं आयुष्य पीजीच्या बाथरूमबाहेर उभं राहण्यात गेलं होतं. इथं सकाळी आईच्या हातचं गरम धपाटं मिळत होतं, संध्याकाळी गच्चीवर वारा मिळत होता. मला माझं गाव आवडत होतं. पण एवढं सरळ कारण कुठल्याच कंपनीच्या फॉर्मात बसत नाही.

अडचण एकच होती. आमचं घर भांड्यांच्या दुकानावर आहे. खाली माझे वडील, अप्पा, दिवसभर मशीननं भांड्यांवर नावं घालत बसतात, आणि त्या मशीनचा टर्रर्र आवाज थेट वर येतो. एकदा एका मुख्याध्यापकांनी मला काळजीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही दाताच्या दवाखान्यातून बोलताय का?" त्यांची काळजी माझ्या वरिष्ठांपर्यंत पोचली. मग मेल आला. शांत, दार बंद होणारी, लाइट गेली तरी नेट चालणारी अशी कामाची जागा दोन महिन्यांच्या आत दाखवा, नाहीतर पुण्याला परत या.

मी जागा शोधायला निघाले. गावातल्या अभ्यासिकेत भरतीची तयारी करणारी मुलं एकेका कप्प्यात डोकं खुपसून बसलेली असतात. तिथं मी पहिल्याच फोनला "हॅलो" म्हणाले आणि तीस माना माझ्याकडं वळल्या. उमरग्याच्या कॅफेत नेट झकास होतं, पण गाण्यांचा आवाज कमी करायला मालकाचा जीव होत नव्हता. सोलापूरला खरंखुरं को-वर्किंग होतं. काचेच्या भिंती, कॉफीचं मशीन, दिवसाचा पास, महिन्याचा पास, हवं तेव्हा टेबल बदला… सगळं होतं, फक्त ते सोलापुरात होतं. एक दिवस एसटीनं जाऊन आले, तर कामापेक्षा प्रवासच जास्त झाला. आणि मग एका संध्याकाळी गावाची लाइट गेली. गच्चीवरून बघितलं तर अख्ख्या अंधारात एकच इमारत उजळलेली. मंगल कार्यालय! जनरेटर त्यांच्याकडं. लांबच्या पाहुण्यांना लग्न लाइव्ह दाखवायला घातलेली केबलही त्यांच्याकडं. आणि लग्नं तर बंद, कारण आषाढी होऊन गेलेली.

"तिथी सोडून कधीबी बस," काकूंनी जागेचा नियम सांगितला. "आन् तुळशीच्या लग्नापातूर तर तिथीच न्हायत."

हवी तशी जागा म्हणतात ती आणखी कशी असते?

"तुमचं काम बोलण्याचं आहे का?" राजशेखरनं मध्येच विचारलं.

"दिवसभर."

त्याचा चेहरा पडला. तो एका बेंगळुरूच्या कंपनीसाठी नकाशे तपासायचा. रस्ता आहे का, पूल आहे का, वळण खरं आहे का, हे उपग्रहाच्या चित्रांवर बघत बसायचं. महिन्यातला एक आठवडा तिकडं आणि बाकीचे इकडं. त्याला शांतता लागायची, आणि ती तो गेले दोन महिने एकटाच उपभोगत होता.

"एक दिवस बसून बघते," मी म्हणाले. "नाही जमलं तर जाईन."

"नाही, बसा की… तसं काही नाही," तो म्हणाला. पण म्हणताना त्यानं हेडफोन घट्ट दाबले.

मला 'वधूपक्ष' लिहिलेली खोली मिळाली. एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत आरसा, आणि त्याच्या कडेनं आजवरच्या नवऱ्यामुलींनी आणि करवल्यांनी चिकटवलेल्या टिकल्या. खणात केसांच्या पिना. कोपऱ्यात पावडरीचा आणि सुकलेल्या मोगऱ्याचा वास. मी टेबल खिडकीशी ओढलं, हेडसेट लावला, आणि संध्याकाळपर्यंत एकाही माणसानं मला दवाखान्याबद्दल विचारलं नाही. मला तर नाचावंसं वाटलं.

निघताना तो दाराशी उभा होता. आता पूर्ण पँटमध्ये.

"त्या परभणीच्या सरांची पावती निघाली का शेवटी?" त्यानं विचारलं.

"तुम्ही माझे फोन ऐकत होता?"

"भिंत ऐकते. मी आपला तिच्या पलीकडं असतो."

"मग हेडफोन कशाला?"

"कामात आहे असं दाखवायला." मग जरा थांबून, "तुम्ही त्यांना चार वेळा तेच सांगितलंत. एकदाही चिडला नाहीत. मी असतो तर फोन ठेवला असता."

"चिडले होते की. आरशात बघून दात-ओठ खात होते."

तो हसला. हसताना त्याचा एक दात दुसऱ्यावर जरासा चढलेला दिसायचा. हे मी पहिल्याच दिवशी टिपलं, म्हणजे बघा.

मग रोजचंच झालं. सकाळी काकू अंगणात पाणी मारता मारता विचारायच्या, "ऊटा आयता?" मुरुममध्ये कानडी आणि मराठी एकाच ताटात जेवतात. जेवण झालं का, असं त्या सकाळी नऊलाही विचारायच्या, आणि झालं म्हटलं तरी काहीतरी पुढ्यात ठेवायच्या. दुपारी चहाला मी आणि राजशेखर स्टेजच्या पायऱ्यांवर बसायचो. मागं नवरा-नवरीच्या दोन सोनेरी खुर्च्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या.

"खुर्च्या रिकाम्या आहेत आणि आपण पायरीवर," तो एकदा म्हणाला.

"त्यावर बसायचं तर आधी आचारी सांगावा लागतो."

"सांगू?"

मी चहाचा घोट घेतला. जरा जास्तच गरम होता.

श्रावणातला पाऊस पत्र्यावर आला की माझे फोन बंद पडायचे. समोरच्याचं एक अक्षर ऐकू यायचं नाही. पहिल्यांदा मला त्या पावसाचा राग आला. नंतर नंतर मी ढगांकडं बघून मनातल्या मनात म्हणायला लागले, ये बाबा, पंधरा मिनिटं तरी ये. कारण पाऊस आला की तोही बाहेर यायचा. त्या आवाजात लांबून बोलता येत नसे, म्हणून जवळ सरकून बसावं लागे… आणि पाऊस थांबल्यावर पुन्हा लांब सरकायचं दोघांच्याही लक्षात राहत नसे.

अशाच एका पावसात त्यानं मला बेंगळुरूचं सांगितलं. सातव्या मजल्यावरची खोली, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. "एका शनिवार-रविवारी मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. सोमवारी ऑफिसात नमस्कार म्हणायला गेलो तर आवाजच फुटेना," तो म्हणाला. "मग ठरवलं. काहीही करून घराजवळ जागा शोधायची." त्याचं घर मुरुमपासून जवळच, शेतात. तिथं रेंज लिंबाच्या झाडावर चढल्यावर यायची.

"म्हणजे तुम्ही शांततेला कंटाळून आलात, आणि इथं पुन्हा शांतताच मागत होता?"

"हो ना. माझंच मला कळत नव्हतं." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "आता पलीकडून आवाज आला नाही की मला काम सुचत नाही."

मला बोलायचे पैसे मिळतात, पण त्या वेळी मी नुसती पायानं पायरीवरचं पाणी सारत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. "तुमच्या दुकानामागून इकडं येणारा बोळ नकाशात नव्हता. टाकला."

"कशाला? आम्ही दोघं-चौघंच जातो तिथून."

"म्हणून तर टाकला," तो म्हणाला, आणि पुन्हा कान लाल.

त्या रात्री जेवताना आईनं मला दोनदा विचारलं, एकटीच काय हसतेस म्हणून.

भाद्रपद लागला आणि कंपनीला जागा दाखवायचा दिवस आला. एचआरच्या बाई व्हिडिओवरून खोली बघणार होत्या, शिवाय त्यांना दर्शनी पाटीचा फोटो हवा होता. या जागेत मी रोज बसते, हे पाटीवरून दिसायला हवं म्हणे. मी काकूंना म्हटलं, "काकू, बाहेरच्या पाटीवर माझं नाव लिहून मिळेल का?"

"त्यात काय! गुरुलिंगला सांगते. राजशेखरचंबी लिव्ह म्हणते, दोघांचंबी काम हुईल."

गुरुलिंगमामा कार्यालयाची सगळी वरकामं बघतात आणि पाटीही लिहितात. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या बोळातून, मागच्या दारानं आले, म्हणून मला पाटी दिसलीच नाही. अकरा वाजता मी लॅपटॉप हातात घेऊन बाईंना जागा फिरवून दाखवायला लागले. "ही माझी खोली मॅडम, हे दार, हे बंद होतं, हा जनरेटर…"

तेवढ्यात दारातून शरिफाबी चाची आल्या. आमच्या दुकानासमोर त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. हातात हिरव्या चुड्याचा डबा, आणि डोळ्यांत पाणी.

"काय गं बेटी! गल्लीतल्या समद्या पोरींचा चुडा म्या भरला, आन् तुझं लगीन मला पाटीवरनं कळावं व्हय?"

"माझं… काय?"

त्यांनी माझा मोकळा हात पकडलासुद्धा. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्यात बांगड्या चढतायत. पडद्यावरून एचआरच्या बाई म्हणाल्या, "शिवकन्या, तिथं लग्न आहे का?"

"नाही मॅडम!"

"मग बांगड्या?"

मी तशीच फाटकाकडं धावले. पाटीवर वर कायमचा रंगवलेला गणपती, त्याखाली कायमचं रंगवलेलं 'शुभविवाह', त्याखाली 'वरपक्ष' आणि 'वधूपक्ष'. नावांची जागा तेवढी रोज पुसून लिहायची. गुरुलिंगमामांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं होतं. डावीकडं चि. राजशेखर. उजवीकडं चि. सौ. कां. शिवकन्या. दोन्ही बाजूंना वेलबुट्टी.

"पाटी तसलीच हाय, तिला मी काय करू?" मागून काकू म्हणाल्या.

आणि समोरून अप्पा आले. अप्पा कधी दुकान सोडून उठत नाहीत. आज उठले होते, टोपीसुद्धा वाकडी.

"सकाळधरनं तीन गिऱ्हाइकं झाली," ते मला म्हणाले. "पातेली घेतात आन् म्हणतात, ह्याच्यावर 'शिवकन्येच्या विवाहाप्रीत्यर्थ' असं घाला. माझ्याच पोरीचा आहेर माझ्याच दुकानातनं! आन् एक जण जाताना हळूच म्हणतो, भाद्रपदात एवढी घाई का ओ सावकार?"

मी कपाळावर हात मारला, तर बांगड्या वाजल्या.

तोवर राजशेखर बाहेर आला होता. अप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. "तुम्हीच का ते चिरंजीव?"

"तसं काही नाही काका," तो घाईनं म्हणाला. मग माझ्याकडं बघून, "तसं काही नाही." आणि मग खाली मान घालून तिसऱ्यांदा, "तसं काहीच नाही."

चूक पाटीची होती. त्यानं खरं तेच सांगितलं होतं. माझी अब्रूच राखली त्यानं. हे सगळं मला कळत होतं, आणि तरी छातीत काहीतरी खळकन फुटलं. एकदा म्हणाला असता तर चाललं असतं. तीन वेळा कशाला?

गुरुलिंगमामांनी ओल्या फडक्यानं पाटी पुसली. शरिफाबी चाची चुडा काढायला तयार नव्हत्या. हिरवा चुडा काढायचा नसतो म्हणाल्या. अप्पा परत गेले. आणि एवढा वेळ माझ्या काखेत चालू राहिलेल्या लॅपटॉपमधून एचआरच्या बाईंचं हसणं ऐकू आलं.

"जागा मस्त आहे," त्या म्हणाल्या. "पण खरं सांग, लग्नसराईत तू कुठं बसणार? कामाच्या सगळ्या दिवशी तुझीच असेल अशी एक खोली दाखव. शुक्रवारपर्यंत. नाहीतर एक तारखेला पुणे."

तिथी सोडून कधीही, हे मला किती सोयीचं वाटलं होतं! त्यातला 'सोडून' मला आत्ता ऐकू आला. तुळशीच्या लग्नानंतर दोन्ही खोल्या खरोखरच्या वधूंना आणि वरांना लागणार होत्या.

मी काकूंना गाठलं. "काकू, लग्नाशी संबंध नसलेली एकही खोली नाही का?"

"हाय की. वरची. जिना बाहेरनं, भिंती जाडजूड. मंडपाचं कापड ठेवतो ती. पण बाई, ती म्या राजशेखरला शब्द देऊन बसले. त्याच्या कंपनीनंबी असंच काय ते मागितलंय."

त्याला विचारायचं माझ्या जिभेवर होतं. पण आठवलं, तसं काही नाही. मग एखाद्यानं आपल्यासाठी खोली का सोडावी? दोन दिवस मी चहाला गेले नाही. पाऊस आला तरी दार लावून बसले. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, पावलं माझ्या दारापर्यंत यायची… आणि परत जायची. आरशातल्या मुलीचं नाक लाल झालं होतं, आणि मी तिला सर्दी झाली असं समजावत होते.

गुरुवारी सकाळी काकूंनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "घे. वरची खोली तुझी."

"आणि राजशेखर?"

"त्यानं सोडली. म्हणाला, मला नको."

मला आनंद झाला, आणि मी पुढचं काही विचारलं नाही. खोलीचा व्हिडिओ काढला, पाठवला. शुक्रवारी दुपारी मेल आला. मंजूर! मी मुरुममध्ये राहणार होते. माझ्या घरात, माझ्या गच्चीच्या वाऱ्यात. मी पावशेर पेढे घेतले, आणि राग-बिग विसरून त्यालाच आधी द्यावेत म्हणून वरपक्षाच्या दारावर टकटक केलं. आत कुणी नव्हतं. टेबल रिकामं, वायर गुंडाळलेली, बॅग भरून ठेवलेली.

वरून हातोडीचा आवाज येत होता. जिना चढून गेले तर तो स्टुलावर उभा राहून भिंतीला केबल ठोकत होता. माझ्यासाठी एक टेबल खिडकीशी लावलेलं. मंडपाचं कापड घडी घालून एका बाजूला.

"हे काय करताय?"

"तुमचं नेट वर आणतोय. सोमवारी अडचण नको." तोंडात खिळे होते, म्हणून त्याचं बोलणं नीट कळत नव्हतं.

"आणि तुमचं टेबल?"

त्यानं खिळे हातात काढले. "मला लागणार नाही. एक तारखेपासून मी बेंगळुरूलाच पूर्ण वेळ. म्हणजे… सोमवारी तसं कळवणार आहे."

"का?"

"जागा एक आहे, शिवकन्या. लागते दोघांना."

"मग मला विचारलंत?" माझा आवाज चढला. रोज शंभर जणांशी गोड बोलणारी मी, त्याच्यावर ओरडत होते. "सातव्या मजल्यावर परत जाणार? भिंत बघत बसणार? आणि मी इथं तुमच्या खोलीत बसून खुशाल पेढे खायचे?"

"तुम्हाला इथं राहायचं होतं."

"तुम्हालाही राहायचं होतं!"

"हो," तो स्टुलावरून उतरत म्हणाला. "पण तुम्ही पुण्याला गेला असता, तर इथं राहून मी काय करणार होतो?"

बाहेर पाऊस नव्हता, पत्रा वाजत नव्हता. प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला.

"तीन वेळा म्हणालात, तसं काही नाही," मी म्हणाले.

"पहिल्यांदा अप्पांना सांगितलं. दुसऱ्यांदा तुमच्याकडं बघून म्हणालो, वाटलं तुमच्या चेहऱ्यावरून काही कळेल… तर तुम्ही बांगड्या बघत होता."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा मीच मला समजावत होतो."

माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा चेपला होता. मी तो टेबलावर ठेवला. एवढे दिवस मी जागा शोधत होते. नेट आहे का, दार आहे का, जनरेटर आहे का. आणि मला आत्ता कळत होतं की मला या माणसाच्या आसपास बसायचं होतं, बस्स. मग ते कुठंही असो.

"खोली मोठी आहे," मी म्हणाले. "दोन टेबलं मावतात."

"मावतात. पण तुमच्या फोनसाठी दार बंद ठेवावं लागतं." तो खिळे मोजत असल्यासारखा हाताकडं बघत होता. "तुम्ही आणि मी, बंद दार… नुसत्या पाटीवरून गावानं पातेली घेतली."

"गावाचं मला माहितेय."

"मग?"

"मग गावाला बोलायला काही शिल्लक ठेवायचं नाही."

त्यानं मान वर केली. कान तर लाल होतेच, आता गालही. "त्याला… तिथी लागते."

"तुळशीच्या लग्नानंतरची पहिली धरा. काकूंना आजच सांगा, नाहीतर दुसरं कुणीतरी धरेल. आणि तोवर मी खाली बसेन, तुम्ही वर बसा. दार उघडं असलं काय, बंद असलं काय."

"आणि अप्पा?"

"त्यांच्याशी तुम्ही बोला. पण या वेळी तसं काही नाही म्हणालात तर बघा."

"नाही म्हणणार," तो म्हणाला, आणि हातोडी, खिळे सगळं तिथंच टाकून जिना उतरायला लागला. दोन-दोन पायऱ्या एकदम. मी खिडकीतून बघत होते. अंगण ओलांडलं, फाटकापर्यंत गेला… आणि तिथून वळला. पुन्हा धावत जिना चढून वर आला, धापा टाकत, चौकट धरून उभा.

"काय राहिलं?" मी घाबरले.

"खोलीचं ठरलं, तिथीचं ठरलं, अप्पांचं ठरलं," तो म्हणाला. "पण एक सांगायचंच राहिलं. तू मला आवडतेस, शिवकन्या. फार आवडतेस."

आजवर कुणी मला इतक्या घाईत इतकं महत्त्वाचं काही सांगितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि हसूही आलं, दोन्ही एकदमच. मी त्याच्या कपाळावर आलेले घामेजलेले केस मागं सारले.

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. "आता पळ. अप्पा दुकान वाढवतील."